आंब्याची सांजोरी, एकशे ऐंशीवर

पुरुषाने एकदा पीठ मळायला हात घातला की घराण्याचा इतिहास नवं वळण घेतो, असं राघोमास्तरांनी बुधवारी दुपारी चार वाजता, रिकाम्या घरात, स्वतःलाच मोठ्याने सांगितलं. मग त्यांनी वरच्या फळीवरचा पत्र्याचा डबा काढला, परातीत पांढरंशुभ्र पीठ ओतलं, तुपाचं मोहन घातलं, पाणी शिंपडलं आणि दहा मिनिटं जीव लावून मळलं. पीठ काही केल्या एकजीव होईना. उलट बोटांना चरचरायला लागलं. शेवटी चष्मा लावून त्यांनी डब्यावरची चिठ्ठी वाचली. रांगोळी होती.

इतिहासाने नवं वळण घेण्याआधी मास्तरांनी परात घासून ठेवली.

राघोमास्तर हे शाळेतले मास्तर नव्हेत. लिंबायतमधल्या एका लूम कारखान्यात छत्तीस वर्षं त्यांनी यंत्रमाग लावले, बिघडलेले सुधारले आणि कारागिरांवर ओरडले. अशा माणसाला सुरतेत मास्तर म्हणतात. निवृत्तीनंतर ते डिंडोलीत दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहत होते. बरोबर बायको भागीरथीबाई, मुलगा वैभव, सून पल्लवी, नातू, आणि गेल्या वर्षी हृदयात बसवलेल्या दोन स्प्रिंगा.

पण त्या बुधवारी घरात फक्त स्प्रिंगा होत्या. बाकी सगळे आखाजीला गेले होते.

आखाजी, म्हणजे बाकी महाराष्ट्राची अक्षय्य तृतीया, हा खानदेशी माणसाचा सगळ्यांत मोठा सण. त्यात पहिल्यापासून एक घोळ आहे. त्या दिवशी लेकी माहेरी येतात. पण प्रत्येक लेक कुणाची तरी सून असतेच. सुना आपापल्या माहेरी गेल्यावर, आलेल्या लेकींना खाऊ घालायला घरात उरतं कोण, याचा विचार सण लावून देणाऱ्याने केलेला दिसत नाही. राघोमास्तरांच्या घरात गेली चार वर्षं हा प्रश्न उठलाच नव्हता, कारण लेक म्हणून कुणी येतच नव्हतं. त्यामुळे मंगळवारी सकाळी भागीरथीबाई निवांत मनाने शिरपूरला गेल्या, आणि वैभव पल्लवीला आणि नातवाला घेऊन नंदुरबारला गेला. मास्तरांसाठी फ्रीजमध्ये दोन दिवसांची खिचडी होती.

मंगळवारी संध्याकाळी अमळनेरहून फोन आला. इंदुबाई. मास्तरांची थोरली बहीण, वय चौऱ्याहत्तर.

"राघो, परवा आखाजीले येसू."

"ये ना आक्का, ये," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज त्यांच्या नकळत उभा राहिला होता.

"पाणी पिसू नि निंघसू. तीनची गाडी शे."

फोन बंद झाला. म्हणजे येणार, पाणी पिणार आणि निघणार. जेवणार नाही. मास्तर खुर्चीत बसले आणि छातीवर हात ठेवून स्प्रिंगा जागेवर आहेत का ते पाहिलं.

त्याचं कारण चार वर्षं जुनं होतं. त्या आखाजीला इंदुआक्का नेहमीसारख्या आल्या होत्या, आणि सांजोऱ्या त्यांनीच केल्या होत्या. सांजोरी म्हणजे गोड सांजा भरून तळलेली जाडसर पुरी, आणि इंदुआक्कांची सांजोरी म्हणजे अख्ख्या भावकीचा मानबिंदू. वीस माणसांची पंगत बसली होती. मास्तरांनी पहिला घास घेतला आणि त्यांची एक दाढ निघून हातात आली. गप्प बसून ती खिशात टाकता आली असती. मास्तरांनी ती ताटाच्या कडेला, मिठाशेजारी ठेवली आणि विचारलं, "आक्का, हे यातलं की माझं?"

पंगत हसली. आक्का हसल्या नाहीत. त्यांनी पिशवी उचलली, चपला घातल्या आणि उधना स्टेशनची रिक्षा धरली. तेव्हापासून चार वर्षांत भावाबहिणीचं जे बोलणं झालं ते एका पोस्टकार्डावर मावलं असतं.

नुसतं रुसण्यावर भागलं असतं तर मास्तर निभावून गेले असते. पण त्यांच्या वडिलांचा घरात एक नियम होता. आखाजीला पितरांच्या नावाने घागर भरायची, निखाऱ्यावर नैवेद्याची आगारी टाकायची, आणि मग लेकीला जेवू घालायचं. लेक उपाशी गेली तर आगारी पितरांना पोचलीच नाही असं समजायचं. हिशेबाने मास्तरांचे वडील, आजोबा आणि पणजोबा चार वर्षं उपाशी होते. वडिलांचा स्वभाव मास्तरांना ठाऊक होता. जिवंतपणी जेवण पंधरा मिनिटं लांबलं तरी त्यांनी ताट भिरकावलेलं होतं.

मास्तरांनी शिरपूरला फोन लावला.

"अहो, मग मी काय करू?" भागीरथीबाई म्हणाल्या. "माझी आई नव्वदीची आहे. सणाच्या दिवशी उठून येऊ तिकडे?"

"तसं नाही म्हणत मी."

"तसंच म्हणताय तुम्ही. दात ताटात कुणी ठेवला होता? मी ठेवला होता?"

"दाढ होती ती."

"हं. म्हणजे अजून मोठं. तुमचं तुम्ही निस्तरा. आणि एक सांगते, कढई शोधू नका. लपवून आलेय. डॉक्टरांनी तळलेलं बंद सांगितलंय आणि तुम्ही तेलाजवळ एकटे असलात की काय होतं ते मला ठाऊक आहे."

"मग सांजोरी कशात करू?"

"तुम्ही करणार?" भागीरथीबाई म्हणाल्या. मग त्या नुसत्याच हसत राहिल्या, आणि मास्तरांनी फोन ठेवला.

विकतची आणता आली असती. पर्वत पाटियापर्यंत गेलं तर मिठाईची वीस दुकानं लागतात. पण विकतची वस्तू घागरीवर ठेवत नाहीत, आणि इंदुआक्का विकतचं पक्वान्न वासावरून ओळखत. राहिला ओट्याच्या कोपऱ्यातला पल्लवीचा एअर फ्रायर. काळा, गुळगुळीत, पोट सुटलेला. पल्लवीने नातवाच्या वाढदिवसाला त्यात सफरचंद भरलेल्या छोट्या छोट्या पेस्ट्र्या केल्या होत्या, ज्याची त्याला एकेक. त्याची कृती लिहिलेला कागद अजून फ्रीजला चिकटलेला होता.

मास्तरांनी कागद वाचला आणि त्यांना एक युक्ती सुचली. सांजोरी केली तर आक्का तिची तुलना आपल्या सांजोरीशी करणार, आणि त्यात जिंकणं धोक्याचं, हरणंही धोक्याचं. पण सांज्यात आंबा घातला आणि ती तेलाऐवजी नुसत्या वाऱ्यावर भाजली, तर ती सांजोरी राहतच नाही. तुलनाच खुंटते. आणि ती मऊ असली म्हणजे झालं. खुसखुशीत, पण मऊ. कुणाच्याही दाताला धक्का न लावणारी. सगळा प्रश्न एवढ्यावर येऊन थांबला होता.

म्हणून बुधवारी चार वाजता रांगोळी मळली गेली, आणि पाच वाजता, दुसऱ्या डब्यातला, चिठ्ठी वाचून काढलेला मैदा.

आंबा बुधवारी वापरायची सोय नव्हती. आखाजीला पितरांना दाखवल्याशिवाय त्यांच्या घरात आंब्याला कुणी जीभ लावत नसे. म्हणून रंगीत तालीम चिकूवर झाली. मास्तरांनी पाच पुऱ्या लाटल्या, चिकूचं सारण भरलं, दुमडल्या आणि कडेला मुरड घातली. मुरड पाहून ते स्वतःच चमकले. छत्तीस वर्षं तुटलेल्या धाग्यांना चालत्या मागावर गाठी मारलेली ती बोटं. कडा अशी वळत गेली की जणू वेणीच घातली. मास्तरांना क्षणभर वाटलं, हे फार सोपं आहे.

कागदावर लिहिलं होतं: एकशे ऐंशीवर बारा मिनिटं. मध्ये एकदा उलटणे. टिंग वाजलं की लगेच काढणे. ‘लगेच’खाली दोन रेघा होत्या.

मास्तरांनी बटण दाबलं आणि खुर्ची टाकून टिंगची वाट पाहत बसले. सहा मिनिटांनी घड्याळात बघून पेस्ट्र्या उलटल्या आणि पुन्हा बसले. बसले ते बसलेच. बाहेर दिवे लागले. अखेरीस त्यांच्या ध्यानात आलं की शंभर लूमच्या खडखडाटात छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाच्या कानात टिंग शिरत नाही. भागीरथीबाई ओरडल्या तर शिरतं, ट्रकने हॉर्न दिला तर शिरतं. टिंग ही त्यांच्या मानाने फार सभ्य गोष्ट होती.

डबा उघडला तेव्हा यंत्र कधीचं थांबलेलं होतं, पण आतल्या धगीने आपलं काम चालूच ठेवलं होतं. पेस्ट्र्या रंगाने सुंदर होत्या. मास्तरांनी एक दाबून पाहिली. मागावरचा धोटा असतो ना, सागवानी, तशी लागली. ओट्यावर आपटून पाहिली. तो आवाज मात्र त्यांना नीट ऐकू आला.

रात्री त्यांना झोप लागली नाही असं नाही. लागली, पण त्यात वडील आले, हातात ताट घेऊन.

गुरुवारी पहाटेच मास्तर उठले, अंघोळ करून घागर भरून ठेवली, वर छोटं मडकं, त्यावर खरबूज. मग केशर आंब्याचा रस काढला, रवा तुपात भाजला, साखर घातली, वेलची घातली आणि आटवायला ठेवलं. वास घरभर पसरला. मास्तरांच्या तोंडाला पाणी सुटलं आणि त्यांनी ते गिळलं. गोड झालंय का, आंबट आहे का, कच्चं लागतंय का, काही म्हणजे काही कळायला मार्ग नव्हता. चमचा ओठांपर्यंत नेऊन त्यांनी दोनदा परत ठेवला. पितर बघत असतात, आणि वडील तर नक्कीच बघत असणार.

त्यांनी शेजारचं दार वाजवलं. शेजारी धनश्री राहायची, हिंगोलीकडची, तिचा नवरा बांधकामावर सुपरवायझर. तिच्या सासरी आंब्याला असली अट नव्हती. ती गुढीपाडव्यापासून आंबे खात होती.

"काका, मस्त झालंय," धनश्री म्हणाली.

मास्तरांनी आणखी थोडी साखर घालून पुन्हा चमचा नेला.

"मस्त झालंय."

लिंबू पिळून नेला.

"एकदम मस्त."

मास्तरांना शंका आली. चौथ्या खेपेला त्यांनी चमच्यात नुसती मळलेली मैद्याची गोळी नेली. धनश्रीने ती चावली, गिळली आणि थोडा विचार करून म्हणाली, "हे पण मस्त आहे काका. जरा वेगळंय."

मुलगी चांगल्या घरातली होती, त्याला इलाज नव्हता. पण मास्तरांनी उभा जन्म मागावरून उतरणारं कापडही तपासलं होतं. कापड कसं आलंय ते कारागिराच्या तोंडाकडे बघून विचारायचं नसतं, हे त्यांना माहीत होतं. हात कुठे जातो ते बघायचं. त्यांनी सारणाचं भांडंच धनश्रीच्या ओट्यावर ठेवलं आणि तिच्या हिंगोलीच्या सासूची चौकशी सुरू केली. सासूचा विषय रंगला. बोलता बोलता धनश्रीचा चमचा आपोआप भांड्यात गेला. मग पुन्हा गेला. तिसऱ्यांदा जायच्या आत मास्तरांनी भांडं उचललं.

"काका, सासूबाईंचं राहिलं सांगायचं."

"संध्याकाळी ऐकतो. आत्ता माझी बहीण येतेय."

"मग एवढं घाबरता कशाला?"

"घाबरत नाही," मास्तर म्हणाले. "ती जेवणार नाहीये, एवढंच."

साडेदहा वाजले. गाडी उधन्याला अकराला येणार होती. दहा पेस्ट्र्या भरून झाल्या होत्या, पाच-पाचचे दोन घाणे. पहिला घाणा आत गेला. टिंगवर विसंबण्यात अर्थ नव्हता आणि घड्याळ दोन मिनिटं पुढे की मागे यावर घरात पूर्वीपासून मतभेद होते. मास्तरांना कारखाना आठवला. लूम कुठला थांबला हे ते कानाने कधीच ओळखत नसत. लोखंडी चौकटीवर हात ठेवला की थरथर सांगायची. त्यांनी उजवा तळवा एअर फ्रायरच्या पाठीवर ठेवला. यंत्र बारीक थरथरत होतं. मास्तर डोळे मिटून उभे राहिले. थरथर थांबली त्या क्षणी त्यांनी डबा ओढला.

पाची पेस्ट्र्या सोनेरी होत्या. दाबून पाहिली तर बोट किंचित आत गेलं आणि कड कुरकुरली. मास्तरांना गहिवरून यायला लागलं होतं, पण दुसरा घाणा बाकी होता. त्यांनी तो आत टाकला, तळवा ठेवला आणि डोळे मिटले.

दार उघडंच होतं. गाडी त्या दिवशी वेळेआधी आली होती, जे तिने पूर्वी कधी केलं नव्हतं.

"काय रे राघो," मागून आवाज आला, "ताप शे का तेले?"

मास्तरांनी डोळे उघडले. दारात इंदुआक्का उभ्या होत्या. चार वर्षांत त्या बुटक्या झाल्या होत्या, पण आवाज उंचीला जुळवून घ्यायला तयार नव्हता. हातात पिशवी होती. मागे, त्यांना जिना चढताना हात दिलेली धनश्री उभी होती आणि ‘ही ती बहीण का’ असं डोळ्यांनी विचारत होती.

"ये आक्का. बस. हात काढला तर जळेल," मास्तर म्हणाले.

आक्का खुर्चीत बसल्या. पिशवी त्यांनी खाली ठेवली नाही, मांडीवर घेतली आणि तिच्या बंदांवर दोन्ही हात ठेवले. मास्तरांनी ते पाहिलं. ज्या माणसाला थांबायचं असतं तो पिशवी मांडीवर घेत नाही. थरथर थांबली आणि त्यांनी डबा ओढला.

गॅलरीत घमेल्यात गोवऱ्या पेटवून ठेवल्या होत्या. मास्तरांनी निखाऱ्यावर तूप सोडलं, भात ठेवला, आणि मग पहिली पेस्ट्री. भात लगेच पेटला. पेस्ट्री पेटेना. ती निखाऱ्यावर बसून राहिली, काळी न पडता, धूर न सोडता, जणू तिला पत्ताच कळला नव्हता. एअर फ्रायरमध्ये विस्तव नसतो. जे विस्तवावर झालंच नाही ते विस्तवाने घ्यावं तरी कसं, हा विचार त्यांना पहिल्यांदाच शिवला. मागे आक्का येऊन उभ्या होत्या, पिशवीसकट.

तेवढ्यात पेस्ट्रीची कूस फुटली, आंब्याचा रस निखाऱ्यावर चुरचुरला आणि सगळ्या गॅलरीत वास सुटला.

"बाबाले चाली जाई," आक्का म्हणाल्या. "तेस्ना दात मजबूत व्हतात."

दात हा शब्द उच्चारला गेला होता. मास्तरांनी निखाऱ्याभोवती पाणी फिरवलं. बोलण्यासारखी जी एकमेव गोष्ट होती ती चार वर्षांपूर्वी बोलून झाली होती.

आत येऊन त्यांनी तांब्या भरून दिला. आक्का भांडं वर धरून घटाघट सगळं पाणी प्यायल्या आणि त्यांनी भांडं खाली ठेवलं.

"पाणी झालं," त्या म्हणाल्या.

भिंतीवरच्या घड्याळात पावणेबारा झाले होते, किंवा अकरा त्रेचाळीस. मास्तरांनी ताटलीत दोन पेस्ट्र्या ठेवल्या आणि ताटली आक्कांच्या पुढ्यातल्या स्टुलावर ठेवली. त्यांनी चार दिवसांचं भाषण तयार केलं होतं, म्हणजे दोनच दिवसांचं, पण चार दिवसांएवढं लांब. त्यातलं पहिलं वाक्यसुद्धा आठवेना.

"आक्का," ते शेवटी म्हणाले, "ती दाढ आधीपासून हलत होती."

आक्कांनी वर पाहिलं. "केव्हापासून?"

"संक्रांतीपासून."

"तीन महिने हलणारी दाढ तू माझ्या सांजोरीवर घातलीस?"

"लोक हसले गं. हसले की माझं तोंड थांबत नाही."

धनश्री दारातच होती. तिला घरी काम होतं, पण तिने ते पुढे ढकललेलं दिसत होतं.

आक्कांनी एक पेस्ट्री उचलली. डोळ्यांजवळ नेली, फिरवली, कडेवरून अंगठा फिरवला. "मुरड कोनी घाली?"

"मी."

"तू?"

"मी, आक्का. धाग्यांची सवय आहे ना बोटांना."

"हं," आक्का म्हणाल्या. त्यांच्या ‘हं’मध्ये काय आहे हे घराण्यात कुणालाच कधी कळलं नव्हतं. त्यांनी कडेवरून पुन्हा एकदा अंगठा फिरवला. "बेस शे."

मग त्यांनी पेस्ट्री ताटलीत परत ठेवली.

आक्कांनी मांडीवरची पिशवी उघडली आणि आत हात घातला. तिकीट, मास्तरांच्या मनात आलं, तीनच्या गाडीचं तिकीट. खरोखर तिकीट निघालं. आक्कांनी ते स्टुलावर ठेवलं. मग मिसरीची डबी निघाली. मग टॉवेल, जपाची माळ, प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेली अमळनेरची लाल मिरची, आणि मास्तरांसाठी आणलेला नवा, घडीचा रुमाल, जो त्यांनी न बोलता बाजूला सारला. पिशवी उलटी केली, झटकली. खाली एक वेलदोडा पडला. आक्का बराच वेळ रिकाम्या पिशवीत बघत राहिल्या. मग त्यांनी पिशवी जमिनीवर ठेवली, खुर्चीच्या पायाशी.

"या चार वर्षांत माझेही सगळे दात गेले," त्या पेस्ट्रीकडे बघत म्हणाल्या, पुन्हा सरळ मराठीत, धनश्रीलाही कळावं म्हणून. "कवळी करून घेतली. ती डबीत घातली, आणि डबी घरी फळीवर राहिली."

कुणीच हसलं नाही. मास्तरांनी तर ओठ दाबून धरले होते, जितके दाबता येतात तितके.

आक्कांनी ताटली पुढे ओढली.

"राघो, वाटीभर दूध दे रे. कोमट."